धुतलेले फिल्टर

माझ्या हातून जी चूक झाली ती आधी सांगते, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी.

फवारणी करणारी माणसं तोंडावर रबरी मास्क लावतात. त्या मास्कला गालांच्या दोन बाजूंना दोन गोल डब्या असतात, फिरवून काढता-घालता येतात. त्यांना फिल्टर म्हणतात. ते फिल्टर मी धुतले. एकदा नव्हे, सबंध हंगामभर, रोज. गरम पाणी, साबणाचा चुरा, जुन्या टूथब्रशने खाचाखाचांतून घासायचं, दोनदा स्वच्छ पाण्यातून काढायचं आणि उन्हात पालथे घालायचे. वाळल्यावर एकेक नाकाशी धरून बघायची. औषधाचा तो कुजक्या लसणासारखा वास गेलेला असला की मला बरं वाटायचं. अकरा माणसं, बावीस फिल्टर.

कंपनीची चौदा पॉलीहाऊसं आहेत, सगळी फुलांची. आमच्या घरातले तिघं तिथे कामाला. धाकटी जाऊ पॅकिंगमध्ये, तिचा नवरा म्हणजे माझा दीर फवारणीला, आणि मी लाँड्रीत. लाँड्री म्हणजे पत्र्याची लांबट खोली. दोन मशिनं, त्यातलं एक कायम गळणारं. फवारणीचे सूट मशिनात टाकायचे नाहीत असा हुकूम, म्हणून त्यांच्यासाठी सिमेंटचा मोठा हौद. हौदाचं पाणी भिंतीतल्या भोकातून मागच्या ओढ्यात जातं. नोकरीला लागले तेव्हा त्या ओढ्यात बेडूक इतके ओरडायचे, की दारातल्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. आता येतं.

माझा आवाज मुळातच बारीक. सगळे मला हळूबाई म्हणतात. दीर म्हणायचे, "वहिनी चिडून ओरडल्या की शेजाऱ्यांना वाटतं, कुणीतरी जप करतंय."

संध्याकाळी दिवा लावला की दिवसभरात माझं काय चुकलं ते देवापुढे सांगायचं, हे माझं व्रत आहे. सत्तावीस वर्षांत एक दिवस खाडा नाही. त्याला नियम एकच, चूक अर्धी सांगायची नाही. उगाच कुणाला टोचून बोलले, मीठ दोनदा पडलं, कामाचा कंटाळा केला, असलं सगळं त्यात येतं. फिल्टर धुणं मात्र त्यात कधी आलं नाही. ते मी माझ्या चांगल्या कामांत धरत होते.

त्या सोमवारी सकाळी दीर सूट न्यायला आले. सात नंबरच्या शेडमध्ये पानांवर लाल कोळी पडला होता. दिसायला धुळीच्या कणाएवढा किडा, पण चार दिवसांत पानावर जाळं विणतो आणि पान पिवळं पडतं.

"कितवा फवारा हा, भाऊजी?" मी विचारलं.

"नववा. गेल्या साली चारांत काम व्हायचं. आता ते कोळी आमच्याकडे बघून हसतात, वहिनी."

"मग औषध बदला."

"दोनदा बदललं. जास्त कडक आणलं. त्यांना खाणारे ढालकिडे होते ना, ते बिचारे पहिल्याच फवाऱ्यात गेले. चोर राहिले, पहारेकरी मारले. कंपनीची अक्कल!" ते हसले, मी हातात दिलेले फिल्टर हुंगले आणि म्हणाले, "वा! मास्क लावला की आंघोळ करून बाहेर पडल्यासारखं वाटतं. बाकीचे म्हणतात, तुमच्या घरचीच बाई आहे लाँड्रीत, तुमची चैन आहे."

"सगळ्यांचेच धुते हो," मी म्हटलं.

अकराच्या सुमाराला चौघांनी त्यांना उचलून लाँड्रीत आणलं, कारण भरपूर पाणी तिथेच. तोंडातून लाळ गळत होती. अंगाला घाम असा, की सूट आतून भिजलेला. दंडाचं, पोटरीचं मांस कातडीखाली आपोआप उडत होतं. मी सूट कात्रीने टरकावला, पाइप धरला आणि डोक्यापासून पायापर्यंत साबण लावून धुतलं. जाऊ पॅकिंगमधून धावत आली. तिने त्यांची पापणी वर केली. डोळ्याची बाहुली मोहरीएवढी झाली होती.

"हे मला ओळखत नाहीत, जाऊबाई," ती म्हणाली. "हे मला ओळखतच नाहीत."

दवाखान्यात त्यांना लागोपाठ इंजेक्शनं दिली. दुपारपर्यंत डॉक्टरीणबाई खाटेजवळून हलल्या नाहीत. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "जीव वाचला. मास्क होता ना तोंडाला? आणलाय का कुणी?"

मी आणला होता. धुवायला म्हणून नव्हे, हातातच राहिला होता.

त्यांनी फिल्टर फिरवून काढला, उजेडात धरला, हलवला. मग हुंगला. "याला साबणाचा वास कसा?"

"मी धुते," मी म्हटलं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "बाई, याच्या आत कोळसा असतो. हवेतलं विष तो धरून ठेवतो. भरला की फेकायचा आणि नवा लावायचा. त्याला पाणी लागलं की तो कोळसा कामातून गेला. हंगामभर यांनी तोंडाला नुसता रबर बांधलेला होता."

जावेने माझ्याकडे मान वळवली. "तुम्ही धुतलेत?"

"हो."

"रोज?"

"रोज."

ती उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी तेवढ्यात माझा हात हातात घेऊन बोटं दाबून बघितली. "मुंग्या येतात?"

"वय झालं."

"वय नाही हे. ते सूट उघड्या हातांनी धुता?"

"हातमोज्यांची एक जोडी होती. फाटली."

त्या संध्याकाळी दिव्यापुढे बसले. बाकी काही आठवेना. तेवढं एकच सांगितलं आणि तशीच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी दीर बोलायला लागले. ओठ अजून कापत होते. जाऊ खाटेच्या एका बाजूला, मी दुसऱ्या, आणि आम्हा दोघींत बोलणं बंद. त्यांनी आळीपाळीने आमच्याकडे बघितलं.

"वहिनी, तुमच्या साबणाला तोड नाही," ते पुटपुटले. "विषसुद्धा स्वच्छ होऊन आत आलं."

मला रडू कोसळलं. जाऊ चिडली. "थट्टा कसली सुचते हो तुम्हाला? यांच्यामुळे तुम्ही इथे आहात."

"यांच्यामुळे?" त्यांनी डोळे मिटले, दम घेतला. "आम्ही नवे फिल्टर मागितले होते. दोनदा. सुपरवायझर म्हणाला, हंगामाला एकच जोडी मिळते. वास यायला लागला तर लाँड्रीत टाका, हळूबाई चकाचक करून देतात. नानांना विचार, नाना होते तिथे."

नाना म्हणजे फवारणीवाल्यांतले सर्वांत जुने. मला तेव्हाच आठवलं. हंगामाच्या सुरुवातीला सूटच्या गाठोड्यात पहिल्यांदा त्या डब्या आल्या, तेव्हा मी दारात जाऊन सुपरवायझर साहेबांना विचारलं होतं, हे पण धुवायचे का? ते फोनवर होते. हात हलवून म्हणाले होते, "हो हो, सगळं धुवा."

गुरुवारी साहेब लाँड्रीत आले. तिथे स्टूल एकच, माझंच. त्यावर मलाच बसवून म्हणाले, "बसा ना, ताई." हातात टाइप केलेला कागद.

"उद्या तपासणीला सरकारी बाई येणार आहेत. तुमची एक सही हवी. तुम्ही देवाधर्माच्या, खोटं बोलत नाही, हे अख्ख्या कंपनीला माहीत आहे. यात एक तरी अक्षर खोटं असलं तर दाखवा."

मी वाचलं. मी मास्कचे फिल्टर धुतले. खरं. त्यामुळे ते निकामी झाले. खरं. कोणालाही न विचारता, स्वतःच्या मर्जीने. इथे माझं बोट थांबलं. सदर कामगार माझा सख्खा दीर असून ही आमची कौटुंबिक बाब आहे.

"साहेब," मी म्हटलं, "बाकी दहा जणांचेही मीच धुतले. तेही माझे दीरच का?"

"शब्दात काय धरता, ताई! तुमच्यावर कुणी कारवाई करणार नाही, माझी जबाबदारी. तुमची नोकरी राहील, जावेची राहील. दीर बरे झाले की तेही परत कामावर."

"कुठल्या कामावर?"

"फवारणीच्या."

"कुठला मास्क लावून?"

साहेबांनी फोन काढून त्यात काहीतरी बघितलं. फोन वाजला नव्हता.

मी कागद घडी करून परत दिला. "चुका माझ्या आहेत, तर माझ्या हाताने लिहिते. सगळ्या लिहिते."

त्यांचा चेहरा खुलला. "हेच! तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय." स्वतःचं पेनसुद्धा ठेवून गेले.

घरी येऊन लिहायला बसले. माझं लिहिणं सावकाश, एकेक अक्षर कोरल्यासारखं. जाऊ भांडी आवरत होती. चार दिवसांत आमच्यात 'पाणी ठेवलंय' आणि 'दार लावा' याच्यापलीकडे शब्द नव्हता. मध्येच येऊन खांद्यावरून वाचायला लागली.

"तुम्ही हे काय लिहिताय?"

"माझं जे जे चुकलं ते."

"हे लिहिलंत तर ते तुम्हाला ठेवतील होय?"

"नाही ठेवणार."

"मलाही नाही ठेवणार."

"तुला नको असेल तर आत्ता फाडते," मी म्हटलं. "नवरा तुझा आहे. तू म्हणशील तसं."

ती बराच वेळ हातातलं पातेलं पुसत राहिली. पुसून पुसून कोरडं झालं तरी पुसत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी दवाखान्यात मी तुम्हाला बोलले, ते मी मागे घेणार नाही. तुम्ही विचारायला हवं होतं, पुन्हा एकदा."

"हवं होतं."

"मग तेही लिहा. आणि ओढ्याचं राहिलंय."

"ओढ्याचं?"

"ते पाणी कोण सोडतं? तुम्हीच ना? खाली वस्तीतल्या बायका त्याच पाण्यावर गुरं नेतात. लिहा."

मी तेही लिहिलं.

शुक्रवारी मी नेहमीपेक्षा लवकर गेले. कपाटात धुतलेले, कोरडे, घड्या घातलेले सूट होते. सगळे काढले आणि हौदात टाकले. वर पाणी सोडलं, आणि तरंगू नयेत म्हणून त्यांवर कपडे घासायचा दगडी पाटा ठेवला. सातला नाना आणि त्यांची माणसं दारात.

"हळूबाई, सूट द्या. बारा नंबरला फवारा आहे."

"भिजत घातलेत."

"सगळे?"

"सगळे."

नानांनी हौदात डोकावून बघितलं, मग माझ्याकडे. "अहो, पण कोरडे होते ना? काल मी बघितले."

मी भिंतीकडे बोट केलं. तपासणी येणार म्हणून साहेबांनीच आदल्या दिवशी नवी पाटी लावून घेतली होती: धुतलेला, कोरडा सूट घातल्याशिवाय फवारणीस जाऊ नये.

"नवे फिल्टर येईपर्यंत मी एकही सूट वाळत घालणार नाही," मी म्हटलं. "तुम्ही माझ्यावर रागवा, चालेल."

मागून एक जण म्हणाला, "बाईंना झालंय काय? आमचा खाडा लागेल." नाना त्याच्यावर खेकसले, "खाडा लागेल तर लागेल. तुझ्या तोंडाला साबण बांधून तू चालला होतास, कळतंय का?" आणि ते लाँड्रीच्या पायरीवर बसले. मग बाकीचेही बसले. काहीजण नाइलाजाने, एवढं खरं.

साहेब आले ते तरातरा. "हे काय चाललंय? ताई, वेड लागलं का तुम्हाला? काढा बाहेर, पिळा, मशिनात फिरवा!"

"फवारणीचे सूट मशिनात टाकायचे नाहीत असा तुमचाच हुकूम आहे," मी म्हटलं.

"मोठ्याने बोला, काय म्हणालात?"

नानांनी पायरीवरून त्यांना मोठ्याने सांगितलं.

एवढ्यात तपासणीच्या बाई आल्या. पायात कापडी बूट, काखेत फाइल, चेहरा रात्रपाळी करून आल्यासारखा. साहेब एकदम मऊ झाले. "याच त्या. यांनी स्वतःहून लेखी कबुली दिली आहे."

"वाचून दाखवा," बाई मला म्हणाल्या.

मी वाचायला लागले. दोन्ही मशिनं सुरू होती.

"ऐकू येत नाही. जरा मोठ्याने."

"माझा आवाज एवढाच आहे."

त्यांनी साहेबांकडे बघितलं. "मशिनं बंद करा." मशिनं बंद झाली. पत्र्यावर आदळणारा पंखाही कुणीतरी बंद केला. पॅकिंगमधल्या बायका दारात जमल्या होत्या, त्यांची कुजबुज थांबली. इतकी शांत ती खोली मी कधी पाहिली नव्हती.

मी वाचलं, की फिल्टर मी धुतले आणि त्यामुळे माझ्या दिराचा जीव जाता जाता राहिला, ही माझी चूक. पहिल्यांदा धुताना मी साहेबांना विचारलं, ते हो म्हणाले, आणि ते फोनवर असताना दिलेलं उत्तर मी पक्कं धरलं, पुन्हा विचारलं नाही, ही माझी चूक. तीच जोडी महिनोन्‌महिने येत होती, झिजून तिच्यावरची अक्षरं गेली होती, तरी नवी का येत नाही हे मी विचारलं नाही, ही माझी चूक.

"हे विषय सोडून चाललंय," साहेब म्हणाले.

"सोडून नाही," बाई म्हणाल्या. "पुढे?"

मी वाचलं, की हातमोजे फाटले तेव्हा मी मागितले, मिळाले नाहीत, आणि मी उघड्या हातांनी धूत राहिले. त्याच हातांनी घरी स्वयंपाक केला, दिराच्या पोराला भरवलं, ही माझी चूक. हौदाचं पाणी मी ओढ्यात सोडते. ओढ्यात बेडूक नाहीत, पाण्यावर धावणारे किडे नाहीत, काठावर चिमण्या मेलेल्या सापडतात. मी त्या खराट्याने लोटून टाकल्या आणि कुणाला सांगितलं नाही, ही माझी चूक.

"तुम्हाला मास्कचं विचारलं होतं!" साहेबांचा आवाज चढला. "ओढा कुठून आला?"

"भिंतीला भोक आहे, तिथून," दारातून माझी जाऊ म्हणाली. बायका हसल्या. साहेबांनी वळून बघितलं, पण कोण बोललं ते त्यांना कळलं नाही, किंवा सगळ्याच बोलल्या असं वाटलं असावं.

"एकच राहिलं," मी म्हटलं. "मला छापील कागद आणून दिला होता. त्यात माझी चूक अर्धीच लिहिली होती. तो मी परत केला. साहेबांच्या खिशात असेल."

बाईंनी हात पुढे केला. साहेबांनी आधी एक खिसा चाचपला, मग दुसरा. कागद निघाला. बाईंनी उभ्या उभ्या वाचला आणि फाइलला लावला.

"कौटुंबिक बाब," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "तुम्हाला मी एवढं आधीच सांगून ठेवते. जे तुम्ही स्वतःविरुद्ध लिहिलंय तेही नोंदलं जाईल. गाळता येणार नाही. नोकरीवर येऊ शकतं."

"गाळू नका," मी म्हटलं. "ते आधी लिहा."

सही केली. बोटांना मुंग्या होत्या, त्यामुळे ती जरा वाकडी आली.

नानांनी त्यांचं म्हणणं वेगळं लिहून दिलं. नवे फिल्टर मागितले तेव्हा काय उत्तर मिळालं, कुठल्या दिवशी, कुणासमोर. एका पानात मावलं नाही.

तीन दिवस फवारणी बंद राहिली. बारा नंबरमध्ये कोळ्याने जाळी धरली, पॅकिंगचे साहेब आमच्या साहेबांवर ओरडले, आणि चौथ्या दिवशी खोकं आलं. प्रत्येक फिल्टर वेगळ्या बंद पाकिटात. पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: पाण्यात भिजवू नये. मी सूट वाळत घातले.

तीन आठवड्यांनी दिरांच्या नावाने सरकारी पत्र आलं. त्यात 'कामावर झालेली विषबाधा' असे शब्द होते. निष्काळजीपणा नाही, कौटुंबिक नाही. जावेने ते तीनदा वाचलं आणि कपाटात नवऱ्याच्या कपड्यांखाली ठेवलं. त्यांचा उजवा हात अजून थरथरतो. कप धरतात, पण अर्धाच भरलेला. फवारणीला ते आता जाणार नाहीत. ओढ्याचं अजून काही झालेलं नाही. माणूस येऊन बाटलीत पाणी भरून घेऊन गेला, तेवढंच. मी त्याच्या मागे लागलेय.

मला लाँड्रीतून काढलं. नोकरीवरून काढता आलं नाही, कारण कागद वर गेला होता, म्हणून खुरपणीला घातलं. दिवसभर वाफ्यांमधून बसून सरकायचं. साहेब म्हणाले, "मोकळ्या हवेत बरं वाटेल तुम्हाला." मी म्हटलं, "वाटतंय."

माझ्या जागी नवी मुलगी आली. पहिल्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, मी हात धुऊन तिच्याकडे गेले. साहेब दारातच उभे होते, तिला काम समजावत होते. मला बघून म्हणाले, "तुमचं इथे काय काम?"

"पाच मिनिटं," मी म्हटलं, आणि त्यांच्या बाजूने आत गेले. ती पोरगी स्टुलावरून उठायला लागली. तिला बसवलं.

"बाळा, हे बघ. काचेच्या बाटल्या आल्या, धुवू नकोस. औषधाचे डबे आले, धुवू नकोस. गाठोड्यात गोल डब्या सापडल्या, तर हात लावू नकोस, तशाच ठेव आणि मला हाक मार. मी सहा नंबरमध्ये असते. आणि हातमोजे आजच मागून घे, माझ्यासमोर माग."

तिने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी माझ्याकडे.

"साहेब," ती पोरगी म्हणाली, "हातमोजे द्याल का?"

तिचा आवाज माझ्यापेक्षा बराच मोठा आहे.